वाकवणारे आणि सरळ करणारे स्नायू: स्वतःच्या अंगावर हात ठेवून समजून घ्या

बेटकुळी सगळ्यांना माहिती असते. लहान पोराला ताकद दाखव म्हटलं की ते लगेच हात कोपरात वाकवून दंड फुगवतं. पण त्याच दंडाच्या मागे जो ट्रायसेप्स असतो तो बेटकुळीवाल्या बायसेप्सपेक्षा मोठा आहे, आणि तो कोणी दाखवत नाही. जिमला नव्याने जाणाऱ्या पोरांचं पण हेच, आरशात दिसतं तेवढंच कमवायचं. मला हे मनापासून खटकतं, कारण आपण खुर्चीतून उठतो, जिना चढतो, पाण्याची बादली उचलतो, नुसतं ताठ उभं राहतो, या सगळ्यात जास्त काम सरळ करणारे स्नायू करत असतात. त्यांची आठवण येते ती दुखायला लागल्यावरच.

तर सुरुवातीला एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. स्नायूला फक्त ओढता येतं. विहिरीतली बादली दोराने वर ओढता येते पण त्याच दोराने ती खाली ढकलता येत नाही, तसंच. स्नायू आखडतो आणि हाड स्वतःकडे खेचतो, बस्स. म्हणून एका स्नायूने वाकवलेला सांधा परत सरळ करायला पलीकडच्या बाजूला दुसरा स्नायू लागतो. सांधा वाकवणारा तो फ्लेक्सर, सरळ करणारा तो एक्स्टेन्सर. शाळेत आपण एवढंच शिकतो, एक आखडला की दुसरा सैल पडतो, आणि तिथेच थांबतो. पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे, की लांब होत जाणारा स्नायू पण बऱ्याचदा जोरात काम करत असतो. हे वाचून नाही कळत, हात लावूनच कळतं, म्हणून खाली जे जे सांगते ते करत करतच वाचा.

तयारी काही फार नाही. हात नसलेली एक साधी खुर्ची, एक भक्कम टेबल, अर्धा लिटरची पाण्याची भरलेली बाटली, पलंग आणि जवळपास एखादा जिना. बाह्या वर करून बसा.

पायरी १: कोपर

टेबलासमोर बसा. उजवा तळवा वरच्या दिशेला करून टेबलाच्या खाली घाला आणि टेबल उचलायचा प्रयत्न केल्यासारखं वर दाबा. डाव्या हाताने दंड चाचपा, पुढे बायसेप्स टणक लागेल, मागे ट्रायसेप्स मऊ. आता तळवा टेबलाच्या वर ठेवून खाली दाबा. लगेच उलटं झालं ना? पुढचा मऊ, मागचा टणक. ही झाली शाळेतली जोडी.

आता बाटली उजव्या हातात घ्या, कोपर वाकवून खांद्यापर्यंत आणा आणि मग अगदी सावकाश, पाच आकडे मोजत, खाली सोडत न्या. खाली जाताना कुठला स्नायू टणक लागतो ते डाव्या हाताने बघा. कोपर तर सरळ होतंय, म्हणजे ट्रायसेप्स असणार असं बहुतेक सगळे सांगतात. पण टणक असतो बायसेप्सच. बाटली खाली न्यायला ताकद लागतच नाही, वजन आपोआपच खाली जातं, ताकद लागते ती बाटली धप्पकन पडू नये म्हणून तिला आवरायला, आणि ते काम बायसेप्स लांब होत होत करतो. ही गोष्ट एकदा कळली की पुढचं अर्धं काम झालं. कुठल्याही हालचालीत आधी विचारायचं, वजन कुठे ओढतंय, आणि त्याला विरोध कोण करतंय.

हाताला हात लागलाच आहे तर अजून एक बघून घ्या. कोपर काटकोनात ठेवा, तळवा खाली, मग जोर लावून तळवा वर फिरवा, स्क्रू ड्रायव्हरने घट्ट करताना फिरवतो तसा. तळवा वर येताना बायसेप्स फुगतो, कारण तो कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूच्या, फिरणाऱ्या हाडाला जोडलेला आहे, त्यामुळे वाकवणं आणि फिरवणं दोन्ही कामं त्याची. उजव्या हाताने स्क्रू घट्ट करणं सोपं जातं आणि काढणं जड जातं ते यामुळेच. बायसेप्सच्या खाली ब्रेकिआलिस नावाचा स्नायू दडलेला असतो, तो मात्र दुसऱ्या हाडाला जोडलेला, त्याला फिरवाफिरवी जमत नाही, तळवा कसाही असो तो निमूटपणे कोपर वाकवत राहतो. डंबेल तळवा खाली करून उचललं तर बायसेप्सचा जोर कमी पडतो आणि याच्यावर भार येतो.

आणि हे स्नायू किती ओढतात त्याचा हिशोब करून बघा. बायसेप्स हाडाला कोपरापासून साधारण ५ सेंटीमीटरवर जोडलेला असतो आणि हातातलं वजन कोपरापासून साधारण ३५ सेंटीमीटर लांब. म्हणजे सातपट. हातात ५ किलोची भाजीची पिशवी धरून कोपर काटकोनात ठेवलं तर आतल्या स्नायूंना ३५ किलोच्या आसपास ओढावं लागतं, तेही हाताचं स्वतःचं वजन न धरता. बदल्यात मिळतो वेग, स्नायू थोडासा आखडला तरी हात लांबवर जातो. चेंडू फेकायला, मारायला, झेलायला हेच कामी येतं. पिशवी अंगाजवळ धरावी असं का सांगतात ते पण यातच आलं.

पायरी २: मनगट आणि बोटं

बोटांमध्ये बोट वाकवणाऱ्या किंवा सरळ करणाऱ्या स्नायूचं मांस नसतं. बोटं जोराने हलवणारे मोठे स्नायू असतात कोपराखालच्या हातात, आणि तिथून लांब लांब टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, मनगटातून बोटांपर्यंत येतात. तळव्याच्या बाजूला वाकवणारे, आणि मागच्या, केसाळ बाजूला सरळ करणारे. पालथा हात पसरून बोटं एकेक वर उचला, पाठीवर टेंडन हलताना दिसतील. वाकवणाऱ्यांची मुळं कोपराच्या आतल्या हाडाच्या उंचवट्यावर, सरळ करणाऱ्यांची बाहेरच्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मधलं बोट आत दुमडून हात टेबलावर ठेवा, बाकी चार बोटांची टोकं टेबलाला टेकवलेली. अंगठा उचला, जमेल. तर्जनी, करंगळी, जमेल. अनामिका उचला. चिकटवल्यासारखी बसून राहते. कारण बोटं सरळ करणाऱ्या मुख्य स्नायूची टेंडन हाताच्या पाठीवर एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेली असतात, मधलं बोट दुमडून धरलं की शेजारणीला पण अडकवून ठेवतं, तर्जनीला आणि करंगळीला स्वतःचा वेगळा एक्स्टेन्सर आहे म्हणून त्या सुटतात. तबला, पेटी शिकणाऱ्यांनी अनामिकेवर उगाच रागवू नये, तिची रचनाच तशी आहे, सरावाने सुधारते पण तर्जनीइतकी मोकळी होत नाही.

आता खरी महत्त्वाची टेस्ट. मनगट पूर्ण आत दुमडा आणि तसंच ठेवून मूठ घट्ट आवळायचा प्रयत्न करा. होत नाही, बोटांना जोरच येत नाही. मनगट थोडंसं मागे वळवा आणि आता आवळा. बघा किती ताकद आली. मूठ वाकवणारे स्नायू आवळतात, पण मनगट मागे धरून ठेवणारे एक्स्टेन्सर सोबत आवळले नाहीत तर मूठच बसत नाही. डावा हात उजव्या हाताच्या बाहेरच्या बाजूला, कोपराच्या जरा खाली ठेवून मूठ आवळा, तिथे टणक गोळा लागेल. म्हणजे आपण जेव्हा जेव्हा काही पकडतो, झाडू, लाटणं, बॅट, स्कूटरचं हँडल, तेव्हा तेव्हा हे बाहेरचे स्नायू राबतात.

म्हणूनच टेनिस एल्बो. नाव टेनिसचं, पण कपडे पिळून, रोज हातोडी किंवा पान्हा चालवून सुद्धा होतं, आणि दुखतं कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर, जिथे या एक्स्टेन्सरची मुळं आहेत. सचिन तेंडुलकरला २००४ मध्ये याच दुखण्याने किती सामने बाहेर बसवलं आणि २००५ मध्ये ऑपरेशन करावं लागलं ते क्रिकेट बघणाऱ्या कुणालाही आठवत असेल. आपल्यासारख्यांचं बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय बरं होतं, पण महिने लागतात आणि धीर धरावा लागतो.

त्यासाठीचा व्यायाम सांगते, आत्ता दुखत नसेल तरी करून ठेवायला हरकत नाही. कोपराखालचा हात टेबलावर, तळवा खाली, मनगट टेबलाच्या कडेच्या बाहेर लोंबतं. हातात ती अर्धा लिटरची बाटली, म्हणजे अर्धा किलो. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर आणा, मदत काढून घ्या, आणि चार-पाच आकडे मोजत सावकाश खाली सोडा. परत वर आणायला परत मदत घ्यायची. दहा-पंधरा वेळा, दिवसाआड. बाटली जड वाटली तर अर्धी रिकामी करा. थोडंसं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल तर वजन कमी करा. इथे सगळा फायदा खाली सोडण्यात आहे, भराभर वर-खाली केलं तर काही उपयोग नाही.

पायरी ३: गुडघा

मांडीच्या पुढे चार स्नायूंचा गठ्ठा आहे, क्वाड्रिसेप्स. चारही मिळून गुडघ्याच्या वाटीवरून खाली नडगीच्या वरच्या टेंगळाला जोडलेले. वाटी टेंडनला हाडापासून जरा पुढे ढकलून धरते त्यामुळे त्याच ताकदीत जास्त जोर मिळतो, म्हणून वाटीला नुसतं झाकण समजू नका. मागे तीन हॅमस्ट्रिंग, बसायच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली जाणारे, ते गुडघा वाकवतात आणि मांडी मागे पण नेतात.

खुर्चीच्या पुढच्या कडेला बसा, दोन्ही तळहात मांड्यांवर, आणि उठा. मांड्या टणक. हे सोपं आहे. आता सावकाश बसा, सहा आकडे मोजत. गुडघा वाकतोय, तरी काम कुणाचं? परत मांडीच्या पुढच्या बाजूचंच. बाटलीवाला प्रकार इथे पूर्ण शरीराच्या वजनावर चालू आहे. ज्यांना वयामुळे किंवा आजारपणानंतर खुर्चीतून हाताच्या आधाराशिवाय उठता येत नाही त्यांनी उठण्याचा हट्ट आधी करू नये, हात टेकवून उठा आणि हात न टेकवता सावकाश बसा. कारण स्नायू जेवढं वजन उचलू शकतो त्यापेक्षा जास्त वजन सावकाश खाली सोडू शकतो, त्यामुळे बसणं आधी जमतं आणि त्याच सरावातून उठायची ताकद येते. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकायची नाही. शेवटच्या दोन वितींत धपकन बसायला होत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा आणि पुढे काही आठवड्यांनी उशी काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी याच्यापेक्षा चांगला आणि फुकटचा व्यायाम मला तरी माहीत नाही.

गड चढणाऱ्यांना हे वेगळ्या वाटेने माहीत असतं. कळसूबाई १६४६ मीटर, चढताना दम लागतो, छाती धडधडते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ज्या ओरडतात त्या चढण्यामुळे नाहीत, उतरण्यामुळे. उतरताना प्रत्येक पावलाला क्वाड्रिसेप्स ताणाखाली लांब होत तुमचं वजन आवरत असतात आणि अशा कामात स्नायूच्या आतल्या धाग्यांना बारीक इजा जास्त होते, ती दुखायला एक-दोन दिवस घेते. ट्रेकच्या आधी महिनाभर नुसतं ट्रेडमिलवर चालून तयारी करणाऱ्यांना म्हणून त्रास होतो, त्यात उतार नसतो. बिल्डिंगचा जिना उतरायचा सराव करा, लिफ्टने वर, पायाने खाली, आठवड्यातून दोन-तीन वेळा.

हॅमस्ट्रिंगचं पण असंच. जोरात धावताना पाय पुढे फेकला जातो तेव्हा नडगी पुढे सुटू नये म्हणून हॅमस्ट्रिंग तिला आवरतात, आणि बरेचदा नेमके त्याच क्षणी फाटतात. धावणाऱ्यांनी, कबड्डी, फुटबॉल खेळणाऱ्यांनी नुसते स्ट्रेच करून भागत नाही. गुडघ्यांखाली जाड सतरंजी, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरायचे, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून पुढे सावकाश झुकत जायचं, आवरेनासं झालं की हात टेकवायचे. सुरुवातीला चार-पाच वेळाच करा, जास्त केलं तर दोन दिवस खाली बसता येणार नाही.

पायरी ४: खुबा आणि पाठ

एक हात कंबरेखाली मागे, म्हणजे ढुंगणावर ठेवून सपाट जमिनीवर चाला, मग जिना चढा. सपाटीवर ग्लुटिअस मॅक्सिमस जवळजवळ आराम करतो, पायरी चढताना टणक होतो. शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला त्याची गरजच पडत नाही. त्याच्या समोरचा फ्लेक्सर म्हणजे इलिओसोआस, कंबरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला जाणारा, तो खोल असल्यामुळे हाताला लागत नाही. तो आखडलाय का ते असं बघायचं, पलंगाच्या कडेवर बसून मागे आडवं व्हा, एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरा, दुसरा पाय मोकळा लोंबू द्या. लोंबणारी मांडी पलंगाला टेकली तर ठीक, वर तरंगत राहिली तर त्या बाजूचे फ्लेक्सर आखडलेत.

पाठीचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. उभं राहून दोन्ही अंगठे कंबरेवर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा आणि हळूहळू पुढे वाका. पुढे वाकतोय म्हणजे पोटाचे स्नायू वाकवतायत असं वाटतं, पण वजन तर आपोआपच पुढे जातंय, त्याला आवरतात पाठीचे एक्स्टेन्सर, अंगठ्याखाली दोन टणक दोऱ्या लागतील. अजून खाली जा, पूर्ण लोंबा. त्या दोऱ्या मऊ झाल्या. म्हणजे शेवटच्या टप्प्यात स्नायूंनी काम सोडून दिलं आणि सगळा भार मणक्यांच्या लिगामेंटवर, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांवर गेला. पूर्ण लोंबून तिथूनच भरलेली बादली किंवा गॅसचा सिलेंडर हिसक्याने उचलणं का धोक्याचं ते इथे बोटांना कळतं. उचलायचं तर खुब्यातून वाका, गुडघे थोडे मोडा, वस्तू पायांच्या जवळ घ्या, म्हणजे मोठा ग्लुटिअस आणि मांड्या कामाला लागतील.

मानेचं थोडक्यात. डोकं साधारण ४.५ ते ५ किलोचं, आणि त्याचा बराच भार मानेच्या सांध्याच्या पुढे. मोबाईलवर मान खाली घातली की मागचे एक्स्टेन्सर तेवढा वेळ ते आवरून धरतात. मोबाईल वर घ्या, बाकी काही नाही.

घोट्याला पुढून नडगीच्या बाजूचा स्नायू पंजा वर ओढतो, मागून पोटरी टाच उचलते. पोटरीत वरचा गॅस्ट्रोक्नेमिअस गुडघ्याच्याही वरून येतो, खालचा सोलिअस गुडघ्याच्या खालीच सुरू होतो, म्हणून भिंतीला हात लावून पोटरी ताणताना एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून ताणा, नाहीतर एकच ताणला जातो.

पायरी ५: एकाला सैल करायचं तर दुसऱ्याला कामाला लावा

हे सगळं जुळवून आणणारी वायरिंग पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत आहे. डॉक्टर वाटीच्या खाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, तेव्हा स्नायू ताणल्याचा निरोप मज्जारज्जूत जातो आणि मेंदूला न विचारता परत क्वाड्रिसेप्सला आखडायचा हुकूम येतो, आणि त्याच वेळी हॅमस्ट्रिंगला थांब म्हणून निरोप जातो, नाहीतर दोघं एकमेकांच्या विरोधात ओढत बसले असते. चार्ल्स शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी हे उलगडलं, मज्जासंस्थेवरच्या कामासाठी त्यांना १९३२ चं नोबेल मिळालं, एडगर एड्रियन यांच्यासोबत. पायात काटा रुतला की तो पाय झटकन वाकतो आणि दुसरा पाय आपोआप ताठ होऊन वजन सांभाळतो, ते पण याच यंत्रणेचं काम. अर्थात दोघं कायम आलटून पालटूनच काम करतात असं नाही, खुर्चीतून उठताना क्वाड्रिसेप्स आणि हॅमस्ट्रिंग दोन्ही एकदम लागतात कारण हॅमस्ट्रिंगला खुबा सरळ करायचा असतो.

उपयोग कसा करायचा? रात्री पोटरीत गोळा आला तर नुसतं चोळू नका, गुडघा सरळ करा आणि पंजा स्वतःच्या ताकदीने नडगीकडे ओढा, पुढचा स्नायू आखडला की पोटरीला सैल व्हायचा निरोप जातो आणि ती ताणली पण जाते. सूर्यनमस्कारात पादहस्तासनाला मांडीच्या मागे ओढ बसते तेव्हा गुडघ्याच्या वाट्या वर खेचा, म्हणजे क्वाड्रिसेप्स आवळा, हॅमस्ट्रिंग जरा जास्त सोडतील. हिसके देऊ नका, हिसका दिला की ताणलेला स्नायू उलट आखडतो.

रोजचं वेळापत्रक बसवायचं असेल तर माझं मत सरळ आहे. तालमीतले जोर आणि बैठका हे दोन्ही मुख्यतः सरळ करणाऱ्या स्नायूंचे व्यायाम आहेत, जोरांत ट्रायसेप्स आणि छाती, बैठकांत मांड्या आणि ग्लुटिअस. ओढायचं काम कुस्तीच्या पकडी, दोर आणि मल्लखांब यातून व्हायचं. घरी नुसते जोर-बैठका काढणाऱ्याने म्हणून बारला लोंबकळणं किंवा जड पिशवी कंबरेकडे ओढणं सोबत घ्यावं, आणि जिमला नुसता दंड फुगवणाऱ्याने जोर-बैठका. आठवड्यातून तीन दिवस पुरे, प्रत्येक वेळी खाली जाताना तीन आकडे मोजा. गुडघे दुखत असतील तर पूर्ण बैठक नको, खुर्चीपर्यंतच.

काही गोष्टींत मात्र घरगुती प्रयोग करत बसू नका. पडल्यावर आडवं झोपून पाय सरळ ठेवून उचलताच येत नसेल तर क्वाड्रिसेप्सचं टेंडन तुटलेलं किंवा वाटी फुटलेली असू शकते. पोटरीत मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटून चवड्यावर उभं राहता येत नसेल तर टाचेवरचं अकिलिस टेंडन गेलेलं असू शकतं. चालताना पंजा उचलला न जाता जमिनीवर घासत असेल, किंवा मनगट अचानक लुळं पडून मागे वळत नसेल, तर स्नायूपेक्षा नसेचा प्रश्न असण्याची शक्यता जास्त. यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि एका बाजूचा हात-पाय अचानक गळाला, सोबत तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर दिवसाची पण वाट न बघता लगेच मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं.